दोन बोटं डावीकडे

पट्टी, पहिला खर्डा. मर्यादा पन्नास शब्द.

‘समुद्रातून दिसणारा किनारा. कागदावर पेन्सिल. चित्रकार धनेश, वय वीस, आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी. सकाळचा डोंगर, त्याच्या पुढे वीजकेंद्राची चिमणी, उजवीकडे वाढवणचे दोन ताड. समुद्रासाठी एकही रेघ ओढलेली नाही. कागद कोरा सोडला आहे. हे त्याचं शेवटचं चित्र.’

शेवटचं वाक्य खोडलं. घरच्यांनी अजून तसं म्हटलेलं नाही.

*

डहाणूच्या एका शाळेत मी सोळा वर्षं चित्रकला शिकवतो. माझं गाव तलासरीच्या आत, डोंगराकडे. वडील हाल्या, भात आणि नाचणी करणारे. दर जानेवारीत शाळेत चित्रांचं प्रदर्शन लागतं आणि चित्रांखालच्या पट्ट्या मी लिहितो. एका पट्टीला पाच मिनिटं पुरतात. हिला दीड महिना लागला आणि तरी ती झाली नाही.

धनेश जिव्याच्या बोटीवर खलाशी होता. मार्गशीर्ष चतुर्थीला, सोमवारी सकाळी, बोट समुद्रात असताना तो नाहीसा झाला. जिव्या सांगतो ते असं: बोट पार उत्तरेला होती, जाळं सोडून वाहत्या पाण्याबरोबर चालली होती. जिव्या आणि दुसरा खलाशी केबिनमध्ये झोपलेले. नऊला चहासाठी हाक मारली तर धनेश नाही. जागा नेमकी कुठली ते सांगता येत नाही, कारण बॅटरी उतरली होती आणि जीपीएस बंद होतं.

हिरूकाका, म्हणजे धनेशचे वडील, यावर एवढंच म्हणाले की मशीन जिव्याचं, ते बोलणारही जिव्याचंच.

तटरक्षक दलाची बोट आली. गावच्या अकरा बोटी फिरल्या. तीन दिवस. चौथ्या दिवशी जिव्याने एक प्लास्टिकची पिशवी दारात आणून ठेवली आणि आत न येता गेला. पिशवीत दोन शर्ट, एक कंगवा, एक स्केचबुक. मोबाईल बिघडून आधीपासून घरीच पडला होता.

हिरूकाकांच्या घरात एक रीत आहे. समुद्रात गेलेल्या माणसाचं शरीर मिळालं नाही, तर तो गेला त्या जागेवर बापाने किंवा मोठ्या भावाने बोट न्यायची. इंजिन बंद करायचं. नाव घेऊन तीन हाका मारायच्या. ओ आली नाही की तो गेला. मग घरी येऊन आंघोळ, मग सुतक, मग पुढचं सगळं. हाकेआधी काहीच नाही. आणि हाक एकदाच. चुकीच्या जागी मारली तर माणूस खऱ्या जागी वाट बघत राहतो, त्याला दुसऱ्यांदा बोलावता येत नाही.

म्हणून जागा हवी होती. बाकी काही नको होतं.

*

उजवा खालचा कोपरा: ‘२४ नोव्हें. ७.३५’.

प्रकाश बदलतो, म्हणून कोपऱ्यात तारीख आणि वेळ घालायची, ही माझी शिकवण. मुलं शाळा सुटली की ती विसरतात. धनेश विसरला नव्हता. म्हणजे सात पस्तीसला तो होता, हातात पेन्सिल होती, आणि बोट अशा ठिकाणी होती जिथून हे एवढं सगळं दिसतं. हे हिरूकाकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला बोलावून घेतलं.

ओटीवर त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. दक्षाकाकी दाराला टेकून उभ्या होत्या. मी चित्र पाहिलं आणि मला बोलायचं सुचलं ते असं: सूर्य डोंगराच्या मागे आहे, म्हणून डोंगराला आतली एकही घडी नाही, नुसता करडा आकार. तो करडा वरून खाली फिका होत जातो, कारण पायथ्याशी धुकं आहे. चिमणी त्याहून गडद, कारण ती जवळ आहे. ताड सगळ्यांत काळे. तिथे त्याने चार-बीची मऊ पेन्सिल दाबून वापरली आहे. तीन अंतरं, तीन करडे. मोठमोठ्यांना हे जमत नाही, तिथे रंग भरून वेळ मारून नेतात. आणि समुद्र बघा, मी म्हणालो, त्याने समुद्र काढलेलाच नाही. ताडांच्या खाली कागद सोडून दिला आहे आणि तरी पाणी दिसतं.

मी बराच वेळ बोलत होतो. शाळेतल्यासारखा. हिरूकाका ऐकत होते, की माझं होण्याची वाट बघत होते, कोण जाणे.

मग ते म्हणाले, “सर, डोंगर आहे तिथंच काढलाय ना त्याने?”

मी म्हणालो, “हो. त्याची नजर पक्की होती.”

मी चित्राकडे बघून हे म्हटलं नाही. त्यांच्याकडे बघून म्हटलं. बापाला मुलाची तारीफ द्यावी म्हणून.

त्यांनी डोंगराच्या टोकावर बोट ठेवलं, मग चिमणीवर, आणि मधल्या फटीवर ते बोट थोडं थांबलं. चेहरा सैल पडला. मला वाटलं, अभिमान.

*

रेघ कशी होते, जागा कशी होते:

हे त्यांनी मला त्याच ओटीवर शिकवलं. समुद्रात पाटी नसते. म्हणून किनाऱ्यावरच्या दोन वस्तू धरायच्या, एक जवळची, एक लांबची. त्या एकामागे एक आल्या की तुम्ही एका रेघेवर आहात. रेघ किनाऱ्यापासून थेट खोल समुद्रात जाते. मग दुसऱ्या अंगाला आणखी दोन वस्तू धरायच्या. दुसरी रेघ पहिलीला छेदते तिथे तुम्ही. ताडांनी देवळाचा कळस झाकला, डोंगर चिमणीपासून इतकी बोटं: झाली जागा. बोटं हात लांब करून मोजायची.

आम्ही पेन्सिल धरून मोजतो, मी म्हणालो, हात असाच लांब करून, एक डोळा मिटून.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “तुमच्याकडून शिकून आला आणि मला म्हणतो, बाबा, आमचे सर तुमच्यासारखंच करतात. मी म्हटलं, डोंगरातला माणूस, त्याला मोजून जायचंय कुठं?”

काकी हसल्या. त्या घरात मी ऐकलेलं तेवढंच हसणं.

मग त्यांनी चित्र उभं धरलं. ताडांनी कळस झाकला आहे: एक रेघ. डोंगराचं टोक चिमणीच्या डावीकडे. चिमणीची उंची समुद्रातून किती बोटं दिसते ते त्यांना पाठ होतं, त्यावरून त्यांनी मधली फट मोजली. दोन बोटं डावीकडे: दुसरी रेघ. दुसऱ्या दिवशी पहाटे ते त्यांची लहान होडी घेऊन गेले.

*

गेले, आणि हाक न मारता परत आले.

तिथे काही नव्हतं. दोरीला शिसं बांधून सोडलं तर खाली चिखल, साधा, सपाट. त्या चिखलावर कोणी जाळं टाकत नाही, कोणी थांबत नाही. जिव्या सांगतो तसं वाहत पुढे जायलाही ती वाट नाही. मग बोट तिथे आली कशाला? ते थोडे इकडे सरकले, थोडे तिकडे. परत चित्राप्रमाणे जागेवर आले. चित्र म्हणत होतं इथेच. तळ म्हणत होता, नाही.

असं रोज. मार्गशीर्ष संपत आला. एक गुडघा सुजला तरी जातच होते. होडी चित्राच्या जागेवर उभी करायची, तास-दीड तास उभं राहायचं, हाक तोंडाशी आणायची आणि तशीच गिळून परत.

दक्षाकाकी एकदा शाळेत आल्या, मधल्या सुट्टीत. घरात धड सुतक नाही की धड सण नाही, असं म्हणाल्या. शेजारणी विचारतात तेव्हा काय सांगायचं कळत नाही. पोरगा आहे म्हणू की नाही म्हणू. मग त्यांनी जे सांगायचं ठरवून आणलं होतं ते सांगितलं.

“तुम्ही सांगा त्यांना, हीच जागा. तुमचं ऐकतील. नसली तरी सांगा.”

मी वही प्रदर्शनासाठी मागितली. दोन दिवस द्या, नीट बघून सांगतो, म्हणालो. खरं तर मला दोन दिवस पुढे ढकलायचे होते.

*

पट्टी, दुसरा खर्डा.

‘या चित्रातली शांतता पाहण्यासारखी आहे.’

पुढे काही सुचलं नाही. कोणाची शांतता?

*

खिडकी.

फ्रेममध्ये घालण्याआधी चित्राचा फोटो काढावा म्हणून संध्याकाळी मी वही वर्गाच्या खिडकीत नेली. ऊन आडवं येत होतं. आडव्या उजेडात कागद सपाट राहत नाही. पेन्सिलीने जिथे जिथे दाब दिला आहे तिथे चर दिसतो, मग रेघ खोडलेली असली तरी. हे मी दर वर्षी मुलांना दाखवतो, त्यांची चोरी पकडायला.

आकाशाला त्याने पेन्सिल आडवी धरून हलका करडा दिला होता. त्या करड्यात एक पांढरी, केसाएवढी रेघ होती. खोडरबराने शिसं गेलं होतं, चर राहिला होता, आणि वरून दिलेला करडा त्या चरात उतरला नव्हता. रेघ डावीकडून चढत चिमणीपर्यंत येत होती, चिमणीच्या मागे जात होती, आणि पलीकडून उतरत होती. चिमणीच्या दोन्ही बाजूंना दोन खांदे.

डोंगर. आधीचा. टोक बरोबर चिमणीच्या मागे.

त्याने तो आधी तिथे काढला, मग खोडला, मग दोन बोटं डावीकडे पुन्हा काढला.

मी वहीची मागची पानं उलटली. एका पानावर चारोटीच्या नाक्यावरचं हॉटेल आणि मागे विजेचा खांब: खांब खोडून बाजूला. एका पानावर चिंचणीला वाळत घातलेल्या मासळीच्या काठ्या आणि मागे होडीचा डोलकाठीसारखा बांबू: बांबू खोडून बाजूला. तिसऱ्यावर त्यांचं स्वतःचं घर, मागचं झाड सरकवलेलं.

पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गाला मी फळ्यावर काढून दाखवतो. झाड घराच्या बरोबर मागे आलं तर ते घराच्या डोक्यातून उगवल्यासारखं दिसतं. वस्तू एकामागे एक उभ्या करू नका. नजर अडकते. निसर्गात तशा असल्या तरी तुम्ही सरकवा. निसर्ग काही तुमच्यावर रागावणार नाही. शेवटच्या वाक्याला मुलं हसतात, म्हणून ते मी दर वर्षी म्हणतो.

*

आणखी एक गोष्ट. ही मला पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. पण मी करड्यांची तारीफ करण्यात गुंतलो होतो.

हे घाईचं चित्र नाही. चिमणीच्या पट्ट्यांना एकेक करून छटा दिली आहे. ताडाचं एकेक पान सुटं आहे. एवढ्याला मला पाऊण तास लागेल. त्याचा हात जलद होता, त्याला अर्धा. वाहत्या बोटीत अर्ध्या तासात चिमणी, ताड, डोंगर सगळे आपापल्या जागा बदलतात. या चित्रात ताडांनी कळस शेवटपर्यंत झाकलेला आहे. बोट हललेली नाही. बोट बांधलेली होती. नांगराला, किंवा कशाला तरी.

*

मी दुसऱ्याच दिवशी गेलो नाही. तीन दिवस गेलो नाही. मधल्या रविवारी गावी जाऊन आलो. आमच्या पाड्यावरून तो डोंगर दक्षिणेला दिसतो, उन्हात, सगळ्या घड्यांसकट. वडील नाचणी पाखडत होते. मी त्यांना विचारणार होतो की खोटं सांगून एखाद्याचं सुतक सुरू होत असेल तर सांगावं का. विचारलं नाही. त्यांनी उलट विचारलं असतं की मरण कोणाचं, आणि मला त्यांना सगळं सांगावं लागलं असतं.

काकींचं म्हणणं सोपं होतं. हीच जागा, म्हणायचं. हिरूकाका चिखलावर हाक मारून येतील, आंघोळ करतील, घर हलेल. आणि धनेश, त्यांच्या रीतीप्रमाणे, अर्ध्या मैलावर वाट बघत राहील. मी ती रीत मानत नाही. पण तिच्यावर खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी वही घेऊन गेलो.

*

ओटीवर ऊन होतं, पण वरून. मी वही भिंतीशी तिरकी धरली आणि त्यांचं बोट धरून त्या चरावरून फिरवलं. जाळी विणून त्यांची बोटं राठ झालेली. मला वाटलं त्यांना चर लागणार नाही. लागलं. डावीकडून चढले, चिमणीपाशी थांबले, पलीकडून उतरले. मग स्वतःच पुन्हा एकदा.

मी सांगितलं की आधी डोंगर इथे होता. मी सांगितलं की बोट थांबलेली होती, आणि ते मला कशावरून कळतं.

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

मग त्यांनी सांगितलं, चित्राकडे न बघता. ताडांनी कळस झाकला आणि डोंगर चिमणीवर बसला की खाली खडक आहे. वरून काही दिसत नाही. त्या खडकाला घोळ येते, महागडी मासळी, थंडीत. त्यांच्या वडिलांनी त्यांना दाखवला, त्यांनी धनेशला, आणखी कोणाला नाही. ते स्वतः तिकडे जाताना आधी दुसरीकडे जायचे, कोणी मागे नाही हे बघून मग वळायचे. धनेश जिव्याच्या बोटीवर जायला लागला तेव्हा देवासमोर त्याला बोलायला लावलं होतं की ती जागा तो दाखवणार नाही.

तेव्हा मला ते पहिल्या दिवशीचं बोट कळलं, फटीवर थांबलेलं. त्यांनी चित्रात मुलाचं शेवटचं ठिकाण पाहिलं होतं, पण त्याआधी हे पाहिलं होतं की ते ठिकाण ‘ती’ जागा नाही. पोराने शब्द पाळला. महिनाभर ते त्या फटीवर जगत होते. सगळा समुद्र धुंडाळला, तेवढी एक जागा सोडून.

“त्या दिवशी चतुर्थी,” ते म्हणाले. “पाणी साडेआठला थांबतं.”

बाकीचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं, जसं काही दुसऱ्याच कोणाच्या बोटीबद्दल. खडकावर जाळं सोडायचं तर कुठल्या अंगाने, ते माहीत असावं लागतं. जिव्याने सरळ सोडलं असणार. अडकलं असणार. अडकलं की बोट जाळ्यालाच बांधल्यासारखी उभी राहते. ओढलं तर जाळं फाटतं. मग पाणी थांबायची वाट बघायची आणि एकाने खाली उतरून सोडवायचं. खडक ज्याला माहीत तो उतरतो. साडेसातला त्याला करायला काही नव्हतं. पाणी थांबायला एक तास होता.

त्या तासात त्याने हे काढलं.

मला त्याचं एक बोलणं आठवलं. ते मी हिरूकाकांना सांगितलं नाही. दिवाळीत भेटला होता, तेव्हा म्हणाला होता की वाढवणचं बंदर झालं तर अर्धा समुद्र भरावाखाली जाईल, मग लपवून ठेवलेल्या गोष्टी कोणासाठी लपवायच्या. मी तेव्हा ते सहज ऐकलं. मुलं असं बोलतात.

हिरूकाकांनी विचारलं, “मग डोंगर हलवला कशाला?”

मागची पानं माझ्या हातात होती. खांब, बांबू, झाड. मी वही मिटली.

“जागा कोणाला कळू नये म्हणून,” मी म्हणालो. “तुम्हाला दिलेला शब्द म्हणून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाजारात कोणी शिळी मासळी ताजी म्हणून पुढे केली की बघतात तसं.

“जिव्याची बोट तिथं उभी करून झाल्यावर,” ते म्हणाले, “कागदाला काय घाबरायचं सर?”

मग मी खरं सांगितलं. की मी शिकवलं तसं. सगळ्यांना शिकवतो. वाईट दिसतं म्हणून.

“वाईट दिसतं,” ते म्हणाले. नुसतंच. चव बघितल्यासारखं.

*

सकाळ. पौष. मला का नेलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. होडीत आम्ही दोघंच. पाच मिनिटांत मला होडीची कड धरावी लागली. त्यांनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली आणि डोंगराकडे बघत राहा म्हणाले, तो हलत नाही.

तो हलत होता. आम्ही दक्षिणेला जात होतो तसा तो चिमणीकडे सरकत होता, हळू, कोणीतरी मागून ढकलल्यासारखा. दोन बोटं. दीड. एक. हिरूकाका हात लांब करून मोजत नव्हते. त्यांना गरज नव्हती. मी पेन्सिल धरून मोजत होतो, कारण मला हाताला काहीतरी काम हवं होतं.

टोक चिमणीला टेकलं तेव्हा त्यांनी इंजिन बंद केलं नाही.

समोर तीन बोटी होत्या. पाण्यावर जाळ्यांचे तरंगते बोये होते, पांढरे, केशरी, मी अकरापर्यंत मोजले आणि सोडून दिलं. एक बोट जिव्याची. तिच्यावर जाळं वर येत होतं आणि त्यात मोठी मासळी होती, इथूनही चमक दिसत होती. जिव्या सुकाणूपाशी होता. त्याने आम्हाला पाहिलं. मग खाली वाकून काहीतरी करायला लागला, जे इतका वेळ वाकून करण्यासारखं नसावं.

आम्ही थांबलो. मला वाटलं ते बोटी जाण्याची वाट बघत आहेत. ऊन वर आलं. बोटी गेल्या नाहीत. मासळी लागत असताना कोण जातं. एका बोटीवर रेडिओ चालू होता. तीन पिढ्यांची जागा चारोटीच्या नाक्यावर गाड्या लागतात तशी दिसत होती.

शेवटी हिरूकाकांनी इंजिन बंद केलं. उभे राहिले. डोक्यावरचा रुमाल काढून खिशात घातला.

पहिली हाक फार लहान आली. घरातल्या घरात मारतात तशी. दुसऱ्या बोटींच्या इंजिनांत ती मलाच जेमतेम ऐकू आली.

दुसरी मोठी.

जिव्याने डोकं वर केलं नाही.

तिसरी हाक मारताना त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले. नाव लांबवलं, शेवटचा स्वर पाण्यावर बराच लांब गेला. आणि जिव्याच्या बोटीच्या टोकावरून एकाने हात वर केला.

नवा खलाशी होता तो. पन्नाशीचा, बारीक, आमच्या तलासरीकडचा असावा. भात झोडून झालं की आमच्याकडचे पुष्कळ लोक बोटींवर कामाला येतात. त्याला ना नाव ठाऊक, ना रीत. लांबच्या होडीवरून कोणी हाक मारली तर हात वर करायचा, म्हणजे ऐकलं, बोला, काय पाहिजे, एवढं त्याला शिकवलं असणार. तो हात वर धरून उभा राहिला. आम्ही काही बोलत नाही म्हणून त्याने तो हलवला. मग जिव्याने त्याला मागून काहीतरी म्हटलं, आणि हात खाली आला.

हिरूकाका तो हात होता त्या जागेकडे बघत राहिले.

मला काहीतरी म्हणायचं होतं. की ते उत्तर नव्हे, ते धरायचं नाही. पण ते ठरवणारा मी कोण? त्यांनी रुमाल बांधला, वाकून दोरी ओढली. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं.

परत येताना ते एकदाही मागे वळले नाहीत. मी किनाऱ्याकडे बघत होतो. डोंगर चिमणीच्या मागून निघून उजवीकडे सरकत होता, मग आम्ही वळलो तसा पुन्हा डावीकडे.

दक्षाकाकी किनाऱ्यावर आल्या होत्या. गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी होडीची कड धरली. मला पाहिलंच नाही त्यांनी.

“मारली?”

“मारली.”

“मग?”

हिरूकाका होडीतून उतरले. एक पाय, मग सुजलेला दुसरा. दोरी खांद्यावर घेतली.

“कोणी ओ दिली नाही,” ते म्हणाले.

काकींनी मान हलवली. मग होडीची कड सोडून त्या घराकडे चालायला लागल्या, घाईने, आंघोळीचं पाणी ठेवायला.